साखळीतली स्कूटर

कुठलाही कागद हातात आला की बेलीफकाका तो आधी उलटा करायचे. मागची बाजू बघायचे, मग सरळ करून थेट तळाशी जायचे आणि चष्म्यावरून विचारायचे, "सही कुणाची?" मजकूर नंतर. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही तेच. म्हणाले, "विनीत सतरा जण आहेत, सही एकाचीही नाही." मी म्हटलं, "काका, तुम्हाला जेवायला बोलावलंय, साक्षीला नाही."

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान नगरात एका मोठ्या खाजगी दवाखान्यासमोर आहे. पाटीवर आता अहिल्यानगर रंगवून घेतलंय, तोंडात मात्र नगरच येतं. काका कोर्टातून बेलीफ म्हणून रिटायर झालेले. समन्स आणि नोटिसा घेऊन त्यांनी पाथर्डी-शेवगावकडची गावं तीस वर्षं पालथी घातली होती. रोज अकराला यायचे, स्टुलावर बसून माझा पेपर वाचायचे आणि माझाच चहा प्यायचे. मी तशी फटकळ. गिऱ्हाईक उभं असताना पेपर पसरलात तर स्टूल काढून घेईन, असं आठवड्यातून एकदा तरी सुनवायचीच. ते पेपराची घडी घालायचे आणि दोन मिनिटांनी परत पसरायचे.

दवाखान्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका ठेकेदारानं गाड्या लावायची सोय केली होती. भाडं दहा रुपये. पण गाडी ठरल्या वेळेपेक्षा जास्त राहिली की चाकाला साखळी पडायची आणि पाचशे रुपये दंड. आता दवाखान्यात माणूस काय घड्याळ लावून आजारी असतं का? रात्रभर पेशंटजवळ बसलेली माणसं सकाळी खाली यायची, साखळी बघायची आणि तोंड पाडून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची.

काका त्यांना समजावून सांगायचे. आवाज कधी चढवला नाही. "हे बघा, दंड कोर्ट करतं, पोलीस करतात, महापालिका करते, आणि तेही कायद्यात लिहिलं असेल तेवढाच. जागेवाला भाडं मागू शकतो. जास्त थांबलात तर कबूल केलेलं जास्तीचं भाडं मागू शकतो. त्याचं नुकसान झालं असेल तर त्यानं कोर्टात जावं. चाकाला साखळी घालून दंड वसूल करायला तो काय सरकार आहे?"

मग त्या माणसाला घेऊन रस्ता ओलांडायचे. आधी मोबाईलवर पार्किंगवरच्या भाड्याच्या पाटीचा फोटो काढायला लावायचे. मग तिथल्या माणसासमोर स्वतःचं जाडजूड पेन धरायचे. "दंड द्यायला तयार आहोत. फक्त पावतीवर दंड असं लिहा, कुठल्या नियमाखाली घेतला ते लिहा, आणि खाली नाव घालून सही करा."

सही म्हटलं की समोरच्याचा हात मागे जायचा. गॉगल लावलेला एक दांडगा गडी होता तिथं. तो म्हणाला, "सही कशाला पाहिजे, न्या ना गाडी," आणि साखळी सोडून मोकळा झाला. काका परत येऊन स्टुलावर बसत म्हणायचे, "ताई, या पेनाची शाई काही संपत नाही बघा."

आणि अगदीच अडलं तर? तर पैसे भरायचे, पावतीवर 'हरकत राखून' असं लिहायचं, ठेकेदाराला लेखी तक्रार करायची, एक प्रत महापालिकेला, नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग. "आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यायची," असं म्हणताना त्यांचं बोट वर जायचं. पोच या शब्दाचा मला वीट आला होता. चहा आला तरी मी म्हणायची, "मिळाला का? द्या पोच."

एका सकाळी पाथर्डीकडचा एक दूधवाला आला. बाप दवाखान्यात, हा दोन रात्री तिथंच. मोटरसायकलला साखळी. "घरी कुनी न्हाई ओ, काका. सांजच्या धारंच्या आत पोचायचं हाय मला," एवढंच म्हणत होता. काका त्याला घेऊन निघाले. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही मागोमाग गेले.

गॉगलवाला काम सोडून गेला होता. त्याच्या जागी साठी उलटलेला एक वॉचमन, अंगात दोन मापं मोठा गणवेश. काकांनी नेहमीचं म्हणणं मांडलं आणि पेन पुढं केलं. त्या बाबांनी चष्मा लावला, पावतीपुस्तक गुडघ्यावर घेतलं आणि सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, की गाडी जादा वेळ ठेवल्याबद्दल दंड पाचशे रुपये घेतले. खाली स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, मोबाईल नंबर. आणि सही. "आनखी काय लिहायचं ऱ्हायलं का, सायेब?"

काकांनी पावती उलटी करून पाहिली, मग सरळ करून तळाची सही वाचली. त्यांनी खिशातून स्वतःचे पाचशे काढून दिले, पावती घडी घालून आत ठेवली, आणि दूधवाला किक मारून गेलासुद्धा.

मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. इतके दिवस जे हाती लागत नव्हतं ते सहीनिशी मिळालं होतं. मी लगेच तक्रार टाईप करायला बसले. काका शांतपणे सांगत गेले, शेवटी मी विचारलं, "सोबत पावती जोडली असं लिहू ना?"

"नको. पावती हरवली."

"अर्ध्या तासात? तुमच्याकडून?"

"हरवली, ताई."

माझं डोकंच फिरलं. त्यांचं म्हणणं न ऐकता मी मशीन चालू केलं आणि त्या दिवशी चहा सांगितला नाही. ठेकेदाराच्या ऑफिसातून पोच तेवढी मिळाली, आणि तोंडी निरोप आला की आम्ही दंड घेतच नाही, पुरावा असेल तर दाखवा. मी आणखी चिडले. चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. ते येत होते, पेपर वाचत होते, जात होते.

पाचव्या दिवशी ते आपली जुनी निळी स्कूटर घेऊन आले आणि सरळ त्या पार्किंगमध्ये लावून आले. दुसऱ्या दिवशी तिच्या चाकाला साखळी. मग मला राहवलं नाही, विचारलंच.

"ताई, त्या पावतीवर सही कुणाची आहे?" ते म्हणाले. "ज्याच्या हातात कुलपाची किल्ली आहे त्याची. नियम ज्यानं काढला त्याची नाही. ठेकेदार म्हणेल, म्हाताऱ्यानं आपल्या मनानं पैसे उकळले. म्हाताऱ्याची नोकरी जाईल, वर पोलीस चौकी दाखवतील. आता गाडी माझी आहे. लेखी उत्तर त्यालाच द्यावं लागेल."

मग म्हणाले, "पाथर्डीकडं समन्सवर एका बाईचा अंगठा घेतला होता मी. तिला वाटलं अनुदानाचा कागद आहे. मी सांगितलं नाही, घाईत होतो. तारखेला ती आलीच नाही, निकाल एकतर्फी गेला, घर गेलं. माझी पोच मात्र अगदी बरोबर होती."

मी चहा सांगितला.

पुढं ती स्कूटर साखळीतच उभी राहिली. सव्वा महिना काका रोज पायी येऊन तिचे दहा रुपये भाडं भरायचे, छापील पावती घ्यायचे आणि डिकीतून पिवळं फडकं काढून गाडी पुसायचे. भाडं देणार, दंड देणार नाही. ठेकेदाराला रजिस्टर पोस्टानं तीन पत्रं गेली, दंड कोणत्या अधिकारात मागता ते लेखी कळवा म्हणून. घरी काकू वैतागल्या होत्या. "पाचशे रुपड्यांपायी मला मंडईतून पिशव्या वाहायला लावल्यात," असं मला येऊन सांगायच्या, जसं काही मीच गाडी अडकवली होती.

वॉचमनबाबा बिचारे एकदा काकांना म्हणाले, "सायेब, माजं काय चुकलं व्हतं का?" काका म्हणाले, "काही नाही. अक्षर फार चांगलं आहे तुमचं. फक्त इथं कुठं सही करू नका."

एका दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकू एक पाकीट घेऊन दुकानात आल्या. मी कागद काढला, उलटा केला, सरळ केला आणि थेट तळाशी गेले. ठेकेदाराची स्वतःची सही, शिक्क्यासकट. दंड भरून गाडी घेऊन जावी, असं वर लिहिलेलं. मी ते पत्र जोडून काकूंच्या नावानं महापालिकेला तक्रार दिली. पोच घेतली. महिनाभरात पार्किंगवरची पाटी बदलली. आता तिथं तासाचं भाडं लिहिलंय, आणि साखळ्या गेल्या.

मग आम्ही दोघी स्कूटर आणायला गेलो. वॉचमनबाबा तिथंच होते. स्कूटरवर धुळीचा कण नव्हता.

"सायेब गेल्यावर बी पुसत हुतो मी," ते म्हणाले. "धूळ लई बसती हितं. तुमी गाडी नेली म्हनून लिहून देऊ का, बाई? सही करतो."

"नको," मी म्हटलं. "सही नको, बाबा."

काकूंनी डिकी उघडली. फडक्याखाली प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली ती पावती होती. कव्हर माझ्याच दुकानातलं, न विचारता उचललेलं. काका असते तर मी चांगली हजेरी घेतली असती.

मी पावती बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली. "अक्षर माजंच हाय," म्हणाले, आणि मी सांगितल्यावर चार तुकडे करून खिशात टाकली.

त्या एका कागदाची पोच मी घेतली नाही.