मांडवाखालून आलेला माझा आवाज

तार माझ्या गळ्यावर होती. पाठ चिखलात, तोंड वर आणि द्राक्षाचा मांडव अंगावर. नाकाने थोडा थोडा श्वास जात होता, आवाज मात्र फुटत नव्हता. ओरडायला गेले की तार आणखी रुतायची. पाऊस थांबला नव्हता. पानांवरचं पाणी डोळ्यांत पडत होतं आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

हातभर अंतरावर हिराबाई पडली होती. तिच्या छातीवर मांडवाचा लोखंडी अँगल आडवा होता. ती माझ्याकडे बघत होती. माझी सून एस्तेर चार-पाच ओळी पलीकडे कुठेतरी होती... पाचवा महिना चालू होता तिला. तिचा आवाज येत नव्हता. आमच्याबरोबरची सकूही मांडवाखालीच होती. आणि बांधावरून बागेचे मालक भाऊसाहेब ओरडत होते, "कटर आणा रे! कोपऱ्यावरची तार तोडा, म्हंजे मांडव मोकळा होईल!"

ती तार तोडली असती तर आम्ही चौघी जागेवर संपलो असतो. मला ते कळत होतं. सांगता येत नव्हतं.

आता स्वतःबद्दल सांगते. मी ख्रिस्ती आहे, नाशिकला शरणपूर भागात राहते. शाळा चौथीपर्यंत. भूत, करणी, बाहेरचं — यातलं काही मी मानत नाही. एवढंच नाही, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चमत्काराची साक्ष द्यायला लोक उभे राहतात, त्यातल्याही निम्म्या साक्षी मला पटत नाहीत. एका बाईचं पाकीट हरवलं आणि सापडलं, तर ती देवळात अर्धा तास रडली. पाकीट कपाटामागे पडलं होतं. त्यासाठी प्रभूला कशाला कामाला लावायचं? मी तिला तोंडावर तसं म्हणाले होते. त्यानंतर ती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

पण एक खोड मलाही होती. द्राक्षबागांत मी वीस वर्षं मजुरी केली, आणि दर गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेत बोलायची पाळी माझ्याकडे असायची. बागेतलं काम आणि बायबलमधला वेलीचा दाखला मी एकमेकांना जुळवायची. एप्रिलमध्ये वेल पार बोडका करतात, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटतात, तेव्हा कुठे घड धरतो. तसंच देव माणसाला छाटतो, रडू नका, फळ येईल — असं मी सांगायची. बायका माना डोलवायच्या. मला वाटायचं, मी फार शहाणी.

ही गोष्ट दोन हजार सालानंतर दोन-चार वर्षांनी घडलेली. फेब्रुवारी संपत आला होता. सायखेड्याच्या बाजूला भाऊसाहेबांच्या बागेत काढणी चालू होती. सकाळी पंचवटीतून पिकअप आम्हाला घेऊन जायची. त्या दिवशी एस्तेर म्हणाली, "आई, कंबर दुखतेय. आज राहू का घरी?"

मी म्हणाले, "पोटात लेकरू आहे, कावीळ नाही झालेली. चल."

हे मी झाकून ठेवत नाही. तिला मी नेलं.

बागेत हिराबाई आणि सकू आधीच आल्या होत्या. दोघी तिथल्याच. हिराबाई आणि मी बारा वर्षं एका ओळीत काम केलेलं. ती ख्रिस्ती नव्हती, पण माझे सगळे दाखले तिला पाठ होते.

"मावशे, आज कंचा धडा हाय?"

"फळ न देणाऱ्या फांदीचा."

"म्हंजे माझ्या नवऱ्याचा!"

सकू हसून हसून खाली बसली. "मग छाट की त्याला!"

"त्याला कात्री नाय पुरायची बाई, कुऱ्हाड लागंल," हिराबाई म्हणाली. मग एस्तेरकडे बघून, "ए पोरी, तू त्या रिकाम्या क्रेटवर बस आन् खालचे घड तोड. सासूकडं बघू नको. सासूला कंबरच नाय, नुसतं तोंड हाय."

दुपारी तीनच्या सुमाराला नदीच्या बाजूने आभाळ काळं झालं. वारा सुटला, पाठोपाठ थेंब. भाऊसाहेबांनी हाक दिली, "बाया हो, भाईर या!" पण मांडवाखाली पानांमुळे पाऊस कमी लागतो. मीच म्हणाले, "थांबा गं, सर जाईल." बागेत काम करणारी कोणतीही बाई हेच म्हणाली असती. आणि चुकली असती.

द्राक्षाचा मांडव लोखंडी अँगलांवर उभा दिसतो, पण खरा उभा असतो तारांच्या ताणावर. घड पिकलेले, त्यात ओले, त्यात वारा. कोपऱ्यातल्या अँगलखालची माती भिजली आणि तो कलला. आधी टणटण आवाज आला, मग एकामागून एक ओळ खाली बसत आली. पळायला वेळ मिळाला नाही. अर्धा मांडव आमच्या अंगावर, आणि उरलेला अर्धा आमच्या डोक्यावर तिरपा लटकलेला — त्या एका कोपऱ्यावरच्या तारेवर. भाऊसाहेब तीच तार तोडायला निघाले होते. घाबरलेल्या माणसाला जे आधी हाताला लागतं तेच तो तोडतो.

मी मनात एवढंच म्हणत होते — तोडू नका. प्रार्थना वगैरे नव्हती ती. हुकूम होता. पण ओठ नुसते हलत होते.

आणि मग भाऊसाहेबांचा आवाज आला, "बरं मावशी, बरं! नाय कापत!"

मला वाटलं, भीतीने यांचं डोकं फिरलं. कोणाला बोलतायत?

थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "काय? घड?" मग गड्यांना, "आरं, घड तोडा! समदे घड तोडा, पडू द्या खाली. आधी वजन उतरवा, मावशी म्हणतीय ते बरोबर हाय! बांबू आणा, टेकू द्या!"

लटकलेल्या बाजूने कात्र्या चालू झाल्या. परदेशी पाठवायचा माल, एकेक घड फुलासारखा जपलेला, तो धपाधप चिखलात पडू लागला. माझ्या पायांवर, कपाळावर घड पडत होते. मांडव सुतासुताने हलका होत होता.

मग पलीकडून एस्तेरचा आवाज आला. बारीक, पण तिचाच. "हो आई... सापडलं. टेकवली."

जरा वेळाने, "नाही झोपत, आई."

पुन्हा, "ओरडू नका, नाही झोपत म्हटलं ना!"

मी एक अक्षर बोलले नव्हते. मला कोणाचाही आवाज ऐकू येत नव्हता. फक्त लोक देत होते ती उत्तरं ऐकू येत होती.

हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काही सांगेन म्हणून बघत असावी. तिचा हात माझ्या खांद्याला लागलेला होता, आधी गरम होता. घड पडत होते तेवढ्या वेळात कधीतरी तिचे डोळे थांबले.

आम्हाला बाहेर काढायला तासभर लागला. नाशिकच्या दवाखान्यात माझा गळा तपासून डॉक्टर म्हणाले, आतून सगळा सुजला आहे, बोलायचा प्रयत्न करू नका. अकरा दिवस मला आवाज नव्हता. पाणी घशाखाली उतरत नव्हतं.

सकूचा हात मोडला होता. ती प्लास्टर घालून माझ्या खाटेशी आली. "मावशे, काय वरडलीस गं! म्या चार शिव्या मोजल्या. घसा फाटला आसंल."

मी मान हलवली. तिला कळेना. नर्सकडून पेन घेतलं आणि केसपेपरच्या मागे लिहिलं — मी ओरडले नाही. सकूला वाचता येत नाही. नर्सने वाचून दाखवलं.

"मग काय मी वरडले व्हय?" सकू म्हणाली.

एस्तेर शेजारच्या वॉर्डात होती. तिने सांगितलं ते असं. ती पालथी पडली होती, तोंडाखाली पाणी साचत चाललं होतं आणि तिला गुंगी येत होती. तेव्हा मी कानाशी बोलल्यासारखी बोलले. "उजवीकडे क्रेट आहे, हनुवटी त्यावर टेकव. झोपलीस तर बघ!" तिने हात लांबवला तर क्रेट होतं. पाणी चढलं, पण तोंड वर राहिलं.

मला क्रेट दिसणं शक्य नव्हतं. मला एस्तेरच दिसत नव्हती, आमच्यामध्ये चार-पाच ओळींचा पाला होता.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. खाली मान घालून बसले. "मावशी, तुम्ही बोलला नसता तर तार तोडली असती मी. कटर लावलं व्हतं. तुम्ही म्हणाला, 'अकलेच्या कांद्या, तार नको, घड तोड!' वडील गेल्यापासून मला असं कोणी बोललं नव्हतं."

मी त्यांना कधी अरेतुरे केलेलं नाही. पण मनात म्हणाले असते तर याच शब्दांत म्हणाले असते, हेही खरं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब दोघी-तिघी बायकांना घेऊन आले, प्रार्थना केली, म्हणाले, "रविवारी मंडळीसमोर साक्ष द्या. देवाने तुमचा आवाज वापरला."

तोवर मला थोडं कुजबुजता यायला लागलं होतं. मी विचारलं, "हिराबाईला का नाही वापरला?"

"त्यात देवाची काही योजना असेल, बाई."

"हे तिच्या नवऱ्याला सांगायला चला माझ्याबरोबर. मग साक्ष देते."

त्यांनी बायबल मिटून पिशवीत ठेवलं. चांगला माणूस होता, वाईट वाटलं मला. पण तेही आले नाहीत आणि मीही देवळात उठले नाही.

मी एकटीच गेले, चालता यायला लागल्यावर. हिराबाईचा नवरा ओट्यावर होता. ती त्याला फळ न देणारी फांदी म्हणायची, पण तो तिची साडी स्वतः धुऊन दोरीवर वाळत घालत होता. मेलेल्या बाईची साडी. मला बघून म्हणाला, "मावशे, खरं सांग. तुझा आवाज बांधावर भाऊसाहेबाला गेला. सुनंला गेला. ही तं तुझ्या शेजारी व्हती. हिला काय म्हणलीस?"

"काही नाही म्हणाले. मला बोलता येत नव्हतं."

"मग त्यांना कोण बोललं?"

"माहीत नाही."

त्याने माझ्या गळ्यावरचा वळ पाहिला. मग आत गेला आणि चहा टाकला. दोघांनी प्यायला.

लोकांनी मला कारणं दिली. एक म्हणाला, भीतीत भास होतात. तीन माणसांना तीन ठिकाणी एकाच बाईच्या आवाजाचा भास? दुसरा म्हणाला, तुम्ही ओरडलात, पण आठवत नाही. मग डॉक्टरांनी माझ्या गळ्यात पाहिलं ते काय होतं? आणि क्रेटचं काय? माझी एक नणंद म्हणाली, देवदूत. असेल. पण देवदूत "अकलेच्या कांद्या" म्हणत असेल असं मला वाटत नाही.

माझा प्रभूवरचा विश्वास गेला नाही. हे ठासून लिहिते, कारण हिराबाईचा प्रश्न मी विचारला म्हणून काही जणींना तसं वाटलं. विश्वास असतो म्हणून तर विचारते. ज्याच्याशी बोलणंच नाही त्याला कोण जाब विचारतं?

पण छाटणीचा दाखला मी सोडला. एका बाईचा तरणा मुलगा गेला होता, तिला मी पूर्वी तोच दाखला ऐकवला होता. तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आता गुरुवारी एवढंच सांगते — कोणी ओझ्याखाली सापडलं असेल तर कात्री घेऊन तार शोधत बसू नका. आधी वजन उतरवा. तिच्या घरी भाकरी थापा, तिची पोरं सांभाळा, पाणी भरा. बोलायचं ते नंतर. आणि बोलण्यासारखं काही नसेल तर गप्प बसा, तेही चालतं.

पुढच्या ऑक्टोबरला मी पुन्हा छाटणीला गेले. लोक म्हणाले, आता कशाला जातेस? मी म्हणाले, काम तेच येतं मला. भाऊसाहेबांनी सगळे अँगल नव्याने पुरले होते. हिराबाईच्या ओळीत कोणाला घालू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ती ओळ मी करते.

तो आवाज कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. माझा होता असं सगळे म्हणतात. मी तो ऐकला नाही. वाचकांपैकी कोणाला काही कळत असेल तर जरूर लिहा, पण आधी हिराबाईचा विचार करा आणि मग लिहा.

त्या दिवशी मांडवाखाली आम्ही चौघी होतो. हिराबाई गेली. सकू वाचली, मी वाचले, एस्तेर वाचली आणि तिच्या पोटातली मुलगी वाचली.