ठासणीची बंदूक आणि माझी थाप

सर्व संबंधितांस व असंबंधितांस जाहीर कळविण्यात येते की, वडीगोद्रीला आमच्या मळ्यात जो बार उडाला नाही, त्याविषयी प्रस्तुत लेखक कित्येक वर्षं खोटं बोलत आला आहे. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — ते मलाही नीट ठाऊक नाही. बसा जरा जवळ.

जालन्यात मस्तगडला रशीद चाचांचं ठासणीच्या बंदुकांचं आणि त्यांच्या दारूचं दुकान होतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या गजानं ठासायचा, मागं टोपी बसवायची — त्या जुन्या बंदुका. पीकराखणीचा परवाना असलेला जो तो तिथं जायचा. निम्मे तर नुसते चाचांना बघायला. काय माणूस! कानात अत्तराचा फाया, कडक इस्तरीचा कुर्ता, आणि जिभेवर गिऱ्हाइकासाठी एक गोड शब्द नाही. नळी घाण दिसली की, हिच्यात कोंबड्या पाळल्या का, म्हणून भर दुकानात विचारायचे. माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून मला बापू म्हणायचे. पण सोडायचे मलाही नाहीत. आपला माल कधी सर्दावला न्हाई, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगायचे. आणि ते खरं होतं. — हेच तर.

त्या संध्याकाळी मक्यात रानडुक्कर शिरलं. वस्ती गोळा झाली. सासरची मंडळीही आलेली. मी वडिलांची बंदूक घेऊन बांधावर, नाटकातल्या राजासारखा. हवेत बार काढायचा, डुक्कर पळवायचं, एवढंच काम. चाप ओढला. टोपी तेवढी फुटली — टक. डुकरानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा कणसाला तोंड घातलं.

काय झालं होतं? — आता लिहूनच टाकतो. लोकांपुढं मिरवण्याच्या नादात मी नुसताच काथ्या ठासला होता. दारू नळीत ओतलीच नव्हती. डबी खिशात तशीच होती.

हे मला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी मी मोठ्यानं म्हणालो की, मस्तगडच्या म्हाताऱ्यानं ओला माल गळ्यात मारला.

मेव्हणा सुदाम तापट. दुसऱ्याच दिवशी मला, बंदुकीला आणि गावातल्या दोन परवानेवाल्यांना घेऊन तो भांडायला जालन्यात. मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार? चाचांनी मला आपल्या शेजारी गल्ल्यामागं बसवलं. टोकाला पेच असलेल्या गजानं नळीतला काथ्या ओढून काढला. मांडीवरच्या पांढऱ्या कागदावर नळी पालथी करून ठोकली. काळा कण पडला नाही एक. गल्ल्यापलीकडच्या सुदामला आणि त्या दोघांना ते दिसत नव्हतं. आम्हा दोघांनाच दिसलं. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं. मग त्या गर्विष्ठ माणसानं — ज्यानं उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नसेल — कागदाची घडी केली आणि म्हणाला, "माल सर्दावला होता. गलती माझी."

का? माझ्या वडिलांसाठी? माझी लाज राखायची म्हणून? विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

ते दोघे परवानेवाले पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि त्यांचं ऐकून गावातलंही कुणी गेलं नाही. लोक म्हणतात, अशी दुकानं एरवीही गेलीच असती. जुने परवाने कुणी पुढं चालवत नाही. शेतात आता भोंगे लावतात, त्यातून कुत्र्यांचं भुंकणं वाजतं. असेल. पण वडीगोद्रीपुरतं त्या दुकानाला कुलूप मी लावलं.

गेल्या वर्षी ते खरोखरच बंद झालं. शेवटचा बार आमच्या मळ्यात काढू, म्हणून मी चाचांना बोलावलं. आले — अत्तर लावून, उरलेली दारू घेऊन, रुसवा कसला तो नाहीच. तीच वस्ती, तोच सुदाम. चाचांनी डबी माझ्या हातात दिली. मी बंदूक उभी धरली, मंडळींकडं पाहून मिशीवरून बोट फिरवलं, आणि — हात सरळ काथ्याकडं गेला.

इतकी वर्षं शब्द न काढलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून ते निसटलंच. सगळे हसले, चाचांची नेहमीची थट्टा समजून. सुदाम सगळ्यांत जोरात. मी तेवढा हसलो नाही.

"आरं बापू, ह्या टायमाला तरी आधी दारू टाक."