विजयश्री मॅडमनी लावलेले दोन गठ्ठे

आमच्या चाकणच्या कंपनीत अकाउंट्सचा मॅनेजर मी, पण खातं चालतं ते विजयश्री मॅडमच्या जिवावर. हे आता लिहितोय. बोलायला हवं होतं तेव्हा पुरेसं मोठ्यानं बोललो नाही.

मॅडम लातूरकडच्या. तालुक्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाल्या आणि लग्न होऊन चिखलीत आल्या. नवरा धनेश तिथल्याच एका वर्कशॉपात लेथवर आहे. अकरा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे कंत्राटावर डेटा एंट्रीला लागल्या, त्या अजून कंत्राटावरच. आमचे सुटे भाग प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला, बाहेर जातात. चलनावर, म्हणजे नग लिहिलेल्या पावतीवर जातात, चलनावर परत येतात. संगणकात नग जुळले नाहीत की नामांकित कॉलेजांची आमची पोरं स्क्रीनकडे बघत बसतात. मॅडम उठून थेट गेटवर जातात आणि वॉचमनची वही उघडतात. माल रविवारी आलेला असतो, स्टोअर बंद असतं, म्हणून नोंद वहीतच राहिलेली असते. हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. माझ्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं, आणि माझं कॉलेज पुण्यातलं, चांगलं नाव असलेलं. त्या नावावर मला पहिली नोकरी लागली, ते नाकारण्यात अर्थ नाही. काम मात्र मी पुढं एका म्हाताऱ्या कारकुनाच्या शिव्या खाऊन शिकलो.

दर वर्षी एक नवा पदवीधर यायचा, मॅडम त्याला शिकवायच्या आणि दोन वर्षांत तो त्यांचाच साहेब व्हायचा. यंदा फेब्रुवारीत ऑफिसरची जागा रिकामी झाली. कायमची नोकरी. "या वेळी तुमचंच नक्की," मी मॅडमना सांगून टाकलं. मोठा शहाणा मी. शिफारस मुख्य ऑफिसला गेली आणि आठ दिवसांत परत आली. पदवी त्यांच्या यादीतल्या कॉलेजाची हवी, बाकी सगळं ठीक. अकरा वर्षं त्या 'बाकी'त गेली. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

त्याच जागेसाठी बाहेरून साठेक अर्ज आले. येणाऱ्याला शिकवायचं मॅडमनाच, म्हणून अर्जांची पहिली निवडही मी त्यांच्याकडेच दिली. लिहितानाही कसंतरी होतंय.

दुपारी त्यांच्या टेबलावर दोन गठ्ठे होते, एक बोलवायच्यांचा आणि एक नको असलेल्यांचा. नकोच्या गठ्ठ्यात वरच दिव्या नावाच्या मुलीचा अर्ज होता. कॉलेज मॅडमचंच. तीन वर्षं एका कर सल्लागाराकडे कारखान्यांच्या चलनांचं हेच काम केलेलं.

"मॅडम, ही तर आपल्याला हवी तशीच आहे. इकडं कशी?"

"कॉलेज बघा ना सर."

"हे तुम्ही म्हणताय?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही बोलवाल, कामाचं कौतुक कराल. वरून नकार येईपर्यंत तिच्या घरी पेढे वाटून झालेले असतील. आमच्या सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले होते, सर. अजून लोक विचारतात, ऑफिसर झालात का म्हणून."

मला लाज वाटली. दिव्याला फोन लावावा, मुख्य ऑफिसशी भांडावं, सगळं मनात येऊन गेलं. मग तो अर्ज होता तिथंच ठेवला आणि मी जेवायला गेलो.