इसूफभाई चारी बाजू विचारतात

सोलापुरात रजिस्ट्री कचेरीच्या बाहेर लिंबाखाली इसूफभाईंचं टेबल हाय. एकतीस वर्षं दस्त लिहितात, पण अजून एकाही कागदावर त्यांचा भरवसा बसलेला न्हाय. स्वतः लिहिलेल्यावर तर न्हाईच.

नवखे असताना एका दस्ताच्या शेवटी चार बोटं कोरी जागा राहिली होती. सह्या झाल्यावर तिथं कुणीतरी दोन ओळी घुसवल्या आणि एका बाईची विहीर गेली. तवापासून कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारल्याबिगर ते कागद हातातनं सोडत न्हाईत. दस्तातलं "यावच्चंद्रदिवाकरौ" मात्र कधीच टाकून दिलं. म्हणतात, "चंद्रसूर्याला साक्षीला बोलवता येतंय व्हय?"

गेल्या आठवड्यात होटगीची रंभाबाई आली. एकटी बाई, सही येत न्हाय. संगं पुतण्या सुमित. घरामागची परसाची जागा तिला त्याला बक्षीस द्यायची होती. कागद त्यानंच छापून आणलेला.

"चाचा, नुसती नजर टाका. अंगठा घेऊ अन् आत जाऊ."

पहिलं अर्धं पान "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वंशपरंपरा, निरंतर" यातच गेलेलं. भाईंनी चष्मा पुसला.

"लईच नटवलंय की. लगनपत्रिका हाय का ही?"

"जुन्या पद्धतीनं लिवलंय, चाचा."

"जुनं समदं आणलंस, मग चतुःसीमा कुटं ऱ्हायली? कुठल्या बाजूला काय, ते?"

"मिळकत नंबर हाय की! आता सीमा कोण लिवतंय?"

भाई बाईकडं वळले. "रंभाक्का, देताय त्या जागेच्या चारी बाजू सांगा."

"उगवतीला बोळ. मावळतीला शेजारणीचा गोठा. दक्षिणेला हातपंप. अन् उत्तरेला माझ्या सैपाकघराची भिंत."

"म्हंजे घर तुमच्याकडंच?"

"आता! घर देऊन मी कुटं जाऊ?"

"ह्या नंबरात घर बी हाय अन् परस बी. ह्याच्यावर अंगठा दिला की दोन्ही गेलं."

रंभाबाईनं पुतण्याकडं बघितलं. सुमित चपलेकडं बघत म्हणाला, "मोबाईलवरचा नमुना होता, काकी. ध्यानातच आलं न्हाय."

"असंल," भाई म्हणाले आणि नवा कागद घेतला. नटवणं सगळं गाळलं. परसाचं माप आणि चारी बाजू लिहिल्या, खाली तिरपी रेघ मारली, सगळं मोठ्यानं वाचलं आणि शाईचा पॅड पुढं सरकवला.

रंभाबाईनं अंगठा मुठीत धरला. "भाई, वाचलंसा ते बराबर. पण लिवलंय तेच वाचलंसा, हे कशावरनं?"

सुमित फिसकन हसला. भाई हसले न्हाईत.

"पल्याडच्या टेबलावर शिवलीला बसती, ती बी दस्तच लिवती. तिचं माझं दहा वर्षं बोलणं न्हाय. तिच्याकडनं वाचून घ्या. कागद मात्र हातातनं सोडू नगा."

बाई कागद घेऊन उठली. मागोमाग सुमितही उठला.

"तू बस हितंच," भाई म्हणाले.