जळालेल्या डोंगरावरची वाट

जाऊ डोंगरमाथ्यावर कोसळली तेव्हा कॅनमध्ये घोटभरच पाणी उरलं होतं. सासू, जाऊ अन् मी सकाळी विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायला निघालो होतो. मोहफुलं वेचणाऱ्यांनी फुलं नजरेस पडावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळला, त्यात पायवाट पुसली गेली आणि आम्ही भलताच डोंगर चढलो. जाऊचं अंग उन्हानं तव्यासारखं तापलं होतं, ती बोलेना. मी पाणी सासूपुढं धरलं. "मले कायले देतं? तिले पाज!" ती खेकसली. "अन् तुम्ही?" "माह्या वाळल्या लाकडाले काय होते? चाल, उचल तिले." जाऊला पाठीवर घेऊन मी उतरले. सासू मागून येते म्हणाली अन् पळसाखाली बसली. गावातली माणसं घेऊन मी परत चढले, तोवर तिचा जीव गेला होता. जाऊ वाचली. आता नातवंडं खेळवते.