सगळ्यांनी माना डोलावल्या तेव्हा

बी.टी. कपाशीच्या बियाण्याचा औषधी वास आला की चिखलीतला तो वर्ग आठवतो, कॉलेजात जाणाऱ्या गावाकडच्या मुलांसाठी उन्हाळा संपता संपता भरलेला. गावी शेतात आई एकटीच तीच सरकी लावत होती आणि इथे फळ्यावरचं इंग्रजी कळत नव्हतं. दुपारच्या एसटीने कायमचं परतायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. "समजलं?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारची मुलगी कुजबुजली, "तुले समजलं काय वं?" "नाही." मग कशी कोण जाणे, मी उठलेच. "बाई, आम्हाले नाही समजलं." मागूनही आवाज आले, "आम्हालेबी नाही." बाईंनी फळा पुसला आणि मराठीतून पहिल्यापासून सुरुवात केली. एसटी गेली, मी बसून राहिले. आता मी स्वतः शिकवते, आणि वर्गातल्या सगळ्या माना एकदम हलल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.