भावानं लाल लावलेला बोल्ट

मंडळी, आज सकाळी पुतणी माझ्या नसरापूरच्या गॅरेजात बापाची मोटरसायकल घेऊन आली. तिचा बाप, म्हंजी माझा धाकटा भाऊ, जाऊन दोन महिने झाले. आता तीच चालवते. "काका, गिअरचा दांडा पायाला पोचत न्हाई, जरा वर घ्या."

बोल्ट सुटेना. भावानं आटे घट्ट धरणारं लाल थ्रेडलॉकर लावलेलं. म्या तवाच सांगितलं होतं, "निळं लाव, पान्यानं सुटतं. लाल तापवावं लागतं." तर हसला, "खोलणार मीच हाय की, दादा!"

हातात पाना होता, पण खोलायला जीव होईना. शेवटी तापवून खोललं.

पुतणी हळूच म्हणाली, "आता निळंच लावा काका. पुढच्या वेळी माझं मला खोलता आलं पायजे."

लावलं. गेलेल्या माणसानं घट्ट केलेलं खोलताना तुमचाबी हात थांबला होता का हो?